‘स्मशानातील सोनं’ आणि सोने शोधणाऱ्यांची भाषा

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी गेली कित्येक वर्षे पुरवणी वाचन म्हणून वर्गात घेतो. वर्ग मावळातला. मुले वडगाव, कामशेत, कार्ला, मळवली या बाजूंनी येतात. काही लोणावळ्याहून उतरतात. कथा ऐकताना ती घाबरतात, कोल्ह्यांच्या झुंजीत श्वास रोखतात आणि शेवटी भीमाची बोटे गेली की गप्प होतात. मीही समाधानाने पुस्तक मिटतो. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, ती खाण बंद का झाली होती?”

मुलगी खडीच्या क्रशरवरच्या वस्तीत राहणारी. तिच्या घरात हा प्रश्न वाङ्मयीन नाही. क्रशर बंद पडला की तिथल्या प्रत्येक घरात पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर कोणी देत नाही. मी पुस्तक पुन्हा उघडले. कथेत उत्तर नव्हते. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईत येतो, उपनगरातल्या खाणीत त्याला काम मिळते, तो पहाड फोडू लागतो आणि सहा महिन्यांत खाण बंद होते. का बंद झाली, कोणी केली, मालक कोण, याविषयी लेखक एक अक्षर लिहीत नाही. मला आधी ही कथेतली उणीव वाटली. घरी येताना लक्षात आले की ही उणीव नसून हेच कथेचे मर्म आहे. भीमाला कोणी सांगितले नव्हते, म्हणून लेखकही सांगत नाही. मालकाच्या खोलीत काय ठरले हे वाचकाला सांगण्याची सोय अण्णा भाऊंना होती; ती त्यांनी नाकारली आणि भीमाला जेवढे ठाऊक तेवढ्यावरच वाचकाला उभे केले.

आपल्याकडच्या प्रस्थापित समीक्षेने ही कथा दोन प्रकारे वाचली. एक, भयकथा म्हणून: स्मशान, राख, प्रेत, कोल्हे. दोन, दारिद्र्याची करुण कथा म्हणून. अण्णा भाऊंवर अतिरंजितपणाचा आणि रोमँटिक वृत्तीचा शिक्का मारणाऱ्यांना तर ही कथा आयताच पुरावा वाटली. दोन्ही वाचनांत खाणीला फक्त पार्श्वभूमीचे स्थान मिळाले. माझ्या मते ही कथा खाणीची आहे. खाण बंद होणे आणि खाण सुरू होणे या दोन घटनांच्या मधल्या पोकळीत तिचे सगळे भय भरलेले आहे. भूत कथेत एकच आहे, आणि ते स्मशानात राहत नाही.

हे मला इतके स्पष्ट दिसले त्याला आणखी एक कारण घडले. दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पुण्यात शेअर दलालाच्या कचेरीत काम करतो. जाताना एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका ठेवून गेला आणि म्हणाला, “सर, थोडे तरी टाका. सोन्याची कंपनी आहे.” कंपनीचे नाव मी इथे देत नाही, मला बोलायचे आहे ते एका कंपनीविषयी नाही, एका भाषेविषयी आहे. ही भाषा त्या धंद्यातल्या सगळ्या पुस्तिकांत एकच असते.

मावळातल्या मास्तराने सोन्याच्या कंपनीवर का लिहावे, असे कोणी विचारील. मावळात सोने नाही. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि सोन्याच्या शिरा असतात त्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. असे खडक कोलार आणि हट्टीला आहेत, आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला आहेत. परंतु ज्याने द्रुतगती मार्गाला, औद्योगिक वसाहतीला किंवा बंगलेवाल्याला जमीन विकली त्याच्या हातात इथे चार पैसे आहेत, आणि त्या पैशांचा माग काढत ही पुस्तिका मावळात येते. सोन्याची खाण दूर असली तरी सोन्याचा कागद आपल्या दारात आलेला आहे.

हा धंदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. याला ‘ज्युनियर’ कंपनी म्हणतात. ती खाण चालवत नाही. सोने, तांबे, जस्त, शिसे कुठे सापडेल ते शोधते. माती आणि खडकाचे नमुने गोळा करायचे, विंधन यंत्राने भोके पाडायची, आतून निघालेले दगडाचे दांडके पेटीत ओळीने मांडायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. हे सगळे करायला लागणारा पैसा लोकांकडून, शेअर विकून, उभा करायचा. काही सापडले तर मोठ्या कंपनीला विकायचे. शोधलेल्या जागांपैकी फारच थोड्या जागांची पुढे खाण होते. म्हणजे ही कंपनी बहुतांश काळ विकते ती आशा. मला यात लबाडीच दिसते असे नाही. शोध हा शोधच असतो, आणि भूशास्त्र हे कष्टाचे, प्रामाणिक शास्त्र आहे. परंतु आशा विकायची तर ती शब्दांत बांधावी लागते. म्हणूनच ही पुस्तिका मी समीक्षकाच्या टेबलावर घेतो. ती एक साहित्यकृतीच आहे.

या साहित्याचा नायक खडक आहे. त्याला वय आहे, वंश आहे, स्वभाव आहे. पुस्तिकेत खडकाचे वर्णन जितक्या हळुवारपणे केले आहे तितक्या हळुवारपणे आपल्या कवींनी चंद्राचे केलेले नाही. सोन्याला तीन पायऱ्या आहेत: अनुमानित, निर्देशित, मोजलेले. भोक जितके दाट तितकी खात्री अधिक. सोन्याची ‘प्रत’ टनामागे किती ग्रॅम अशी सांगतात. टनाला दोन ग्रॅम सोने असेल तरी पुष्कळदा ती जागा चांगली मानतात. म्हणजे दहा लाख ग्रॅम दगडातून दोन ग्रॅम घ्यायचे आणि उरलेले नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम बाजूला टाकायचे. जे टाकायचे त्याला त्यांच्या भाषेत ‘वाया’ म्हणतात. खनिजाच्या वर जी माती असते तिला ‘वरचे ओझे’ म्हणतात. त्या मातीत ज्वारी येते, तुरी येतात, कुणाचे तरी घर असते. परंतु खालून पाहणाऱ्याला ते ओझेच दिसणार. आपल्या वाचकांना हा दृष्टिकोन नवा वाटू नये. वर्णव्यवस्थेनेही माणसांची प्रत ठरवली आणि फार मोठा ढीग ‘वाया’ म्हणून गावाबाहेर टाकला.

मी पुस्तिकेत माणूस शोधू लागलो. भोक पाडणारा नाही. पेट्या डोक्यावरून वाहणारा नाही. छायाचित्रात एक हात आहे, तोही दगडाचा आकार कळावा म्हणून. भोकांना क्रमांक आहेत, नमुन्यांना क्रमांक आहेत. शेवटी ‘जोखीम’ नावाच्या प्रकरणात मला माणूस सापडला. सोन्याचा भाव पडण्याची जोखीम, परवाना न मिळण्याची जोखीम, पावसाची जोखीम, आणि त्यांच्या रांगेत ‘स्थानिक समाजाच्या विरोधाची’ जोखीम. सबंध पुस्तिकेत माणसाला मिळालेली जागा एवढीच. तो पावसाच्या शेजारी उभा आहे.

आता पुन्हा भीमाकडे या. खाण बंद पडल्यावर त्याला राखेत सोने सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे प्रेते उकरू लागतो. त्याचा हिशेब साधा आहे: राखेत सोने निघाले तर मेलेला श्रीमंत, नाही निघाले तर गरीब. हे अण्णा भाऊंचे विनोदी वाक्य समजून आपण हसतो. वस्तुतः ही प्रत ठरवण्याची पद्धतच आहे. भीमाही नमुने घेतो, भीमाही ‘वाया’ बाजूला टाकतो, भीमालाही आशेवर खणावे लागते. कथेचे हे धाडस कोणी नोंदवलेले मला आठवत नाही. अण्णा भाऊंनी एका मजुराला एकाच वेळी शोध कंपनी, भूशास्त्रज्ञ आणि खाणकामगार केले, आणि मग दाखवले की भांडवल नसलेला माणूस शोध घेतो तेव्हा तो काय गहाण टाकतो. कंपनीचे भोक कोरडे निघाले तर तो एक अहवाल होतो आणि नव्या शेअरांची मागणी निघते. भीमाचा हात प्रेताच्या जबड्यात अडकतो. डॉक्टर दोन बोटे कापून टाकतो. त्याच दिवशी कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

बोटांचा हा धागा मला कोलारला घेऊन गेला. कोलारच्या सोन्याच्या खाणी 1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवल्या. खाली तीन किलोमीटरहून खोल माणसे उतरली. त्यांतली बहुसंख्य तमिळ प्रदेशातून आलेली अस्पृश्य माणसे होती. खडक फुटून मेली, फुप्फुसात दगडाची धूळ भरून मेली. 1902 मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली ती आधी खाणींना. 1930 साली याच कामगारांनी मोठा संप केला. कारण होते बोटांचे ठसे. कामगारांची ठसे घेऊन नोंद करण्याचा हुकूम निघाला आणि ज्या बोटांनी सोने काढले त्या बोटांना चोराची बोटे मानले जात आहे, हे त्यांनी ओळखले. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले होते. 2001 मध्ये खाणी बंद झाल्या. शंभर वर्षांत आठशे टनांच्या आसपास सोने निघाले, आणि मागे राहिले सायनाइड लावून उपसलेल्या मातीचे डोंगर. ते वाऱ्याने वस्तीवर उडतात. बंद खाणींच्या तोंडातून सोन्याच्या कणांसाठी आत शिरून माणसे मेल्याच्या बातम्या मधूनमधून येत राहतात. ते भीमाच होत. आणि आता त्याच मातीच्या डोंगरांत उरलेले सोने काढण्याच्या योजना चालू आहेत. खाण पुन्हा सुरू होणार असे भीमाला कळते, तो क्षण कोलारमध्ये वीस-पंचवीस वर्षे लांबलेला आहे.

आपल्याकडेही असे काही घडले नाही असे नाही. लोणावळ्याला येणारा पर्यटक ज्या बोरघाटातून वर चढतो तो 1856 ते 1863 या काळात फोडला गेला. 1861 मध्ये तिथे बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. 1859 च्या जानेवारीत मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्यानंतर पटकीने माणसे पटापट मेली. या खोदकामात दगडाच्या पोटातून पांढरे, हिरवट, सुंदर स्फटिक निघाले. ते आज परदेशातल्या संग्रहालयांत काचेच्या पेटीत आहेत आणि खाली चिठ्ठी आहे: बोरघाट. स्फटिकाला पत्ता मिळाला. ज्याच्या पहारीने तो बाहेर काढला त्याचे नाव कोणत्याही पेटीत नाही.

दगडावर नाव लिहिण्याची रीत या मुलखात नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे लेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, यवन आहेत आणि एक सुतारही आहे. धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा पुत्र. दाराचे काम त्याचे आहे, असे दगड दोन हजार वर्षे सांगतो आहे. माझी मुले सहलीला तिथे जातात आणि एकवीरेचे दर्शन घेऊन परत येतात. सामी सुताराजवळ मी त्यांना मुद्दाम थांबवतो.

सोने शोधणाऱ्यांकडून एकदा अशीच एक गोष्ट नकळत घडून गेली, ती इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. 1915 साली त्या वेळच्या निजामाच्या मुलखात, रायचूरजवळ मस्कीला, बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा इंजिनियर सोन्याच्या खुणा पाहत फिरत होता. त्याला एका खडकावर अक्षरे दिसली. तो अशोकाचा लेख निघाला. तोपर्यंत सापडलेल्या लेखांत राजाची बिरुदे होती. मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नावच आले आणि देवानंपिय म्हणजे अशोक, याविषयीची शंका मिटली. त्या लेखातला विचार आपल्यासाठी नावापेक्षाही मोठा आहे. धम्माचे फळ फक्त मोठ्यांनाच मिळते असे नाही, क्षुद्र म्हणून हिणवला गेलेला माणूसही प्रयत्नाने ते मिळवू शकतो, असे राजा सांगतो. बीडन ‘प्रत’ शोधत आला होता. जे सापडले त्याने प्रतवारीच नाकारली.

आजची गोष्ट पाहा. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली डेक्कन गोल्ड माइन्स ही या ज्युनियर प्रकारातली आपल्या देशातली ठळक कंपनी. तिचे हितसंबंध असलेला आंध्रातला सोन्याचा प्रकल्प कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नगिरीला आहे. जोन्नगिरी म्हणजेच मौर्यांच्या दक्षिण प्रांताची राजधानी सुवर्णगिरी, असे अनेक अभ्यासक मानतात. जवळच एर्रगुडीला अशोकाचे लेख आहेत. एकाच मातीत सोने आहे आणि धम्मलिपी आहे. गुंतवणुकीच्या पुस्तिकांत यांपैकी कोणती गोष्ट छापली जाते ते सांगायला नको.

या भाषेचा शेवट कुठपर्यंत जाऊ शकतो ते ब्री-एक्स या कॅनडातल्या कंपनीने 1997 साली जगाला दाखवले. इंडोनेशियात बुसांग इथे जगातला एक मोठा सोन्याचा साठा सापडला, असे तिने जाहीर केले. शेअर आकाशाला भिडला. नमुन्यांत बाहेरून सोन्याचे कण मिसळले होते, हे नंतर उघड झाले. बुसांगच्या मातीत सोने नव्हते. जे होते ते नमुन्याच्या पिशव्यांत आणि अहवालांत होते. पुढे कॅनडात अहवालांचे नियम कडक झाले. नियमांनी आकडे सुधारले असतील. कथनात माणूस नाही, हा दोष कोणत्याही नियमाच्या कक्षेत आला नाही.

आता आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकांगी होईल. आपण कार्यकर्ते खाण म्हटली की विरोध, असे एक सोपे सूत्र बाळगतो. परंतु कथेचा शेवट नीट वाचा. भीमा रडतो तो खाण सुरू झाली या दुःखाने नाही. खाण सुरू झाली आणि पहाड फोडणारी बोटे गेली, म्हणून रडतो. त्याला खाण हवी होती. त्याला काम हवे होते, तेही दिवसाउजेडी, जिवंत माणसांत. लोणावळ्याच्या बंगल्यांत राहणारे निसर्गप्रेमी खाणीच्या आवाजाविरुद्ध अर्ज करतात तेव्हा मला त्यांच्या भिंतीतला दगड दिसतो. डोंगर फोडणे वाईट आहे हे मलाही मान्य आहे. सह्याद्रीची चाळण झालेली मी रोज पाहतो. पण त्या अर्जातही भीमा नसतो. कंपनीच्या पुस्तिकेत तो जोखीम म्हणून येतो, बंगलेवाल्याच्या अर्जात धूळ म्हणून. या दोन कागदांच्या मधे उभे राहून तिसरा कागद लिहिणे, हे आपल्या साहित्याचे काम होते. ते आपण किती केले? मराठीत गिरणीचा कामगार आला, झोपडपट्टी आली, उपरा आला, उचल्या आला. खाणीत उतरणारा माणूस अजून पुरेसा आलेला नाही. आपल्या कवितेत ‘सोने’ हा शब्द शेकड्याने सापडेल, पण तो पिकाचा, घामाचा, दिवसाचा उपमान म्हणून. धातू म्हणून सोने आपण लिहिलेच नाही, कारण ते आपल्या घरात नव्हते. अण्णा भाऊंच्याही नव्हते. त्यांनी मात्र ते राखेतून उचलून हातात धरून पाहिले.

हे काम तातडीचे आहे असे मी म्हणतो त्याला कारण आहे. खाण आणि खनिज कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. सोने, तांबे, जस्त, निकेल अशा खोलवरच्या 29 खनिजांसाठी ‘अन्वेषण परवाना’ हा नवा प्रकार आला. या शोध कंपन्यांना आत घेणे हा त्याचा उघड हेतू आहे. परवानाधारकाने काही शोधले आणि पुढे त्या जागेचा लिलाव झाला तर त्यातून मिळणाऱ्या रकमेत त्याला वाटा आहे. त्या जागेवर जो राहतो त्याचा वाटा कोणता, हे त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी आतापासून विचारायला हवे. आपल्या राज्यात हे खडक नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बाजूला आहेत. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले तो भंडारा. तिथल्या आपल्या वस्त्यांत विंधन यंत्राची गाडी आली तर भोक पाडायला माणसे लागतील, रोजंदारी मिळेल, दोन हंगाम बरे जातील. मग गाडी निघून जाईल. ती का गेली, पुन्हा येणार का, अहवालात काय लिहिले, हे कोणी सांगणार नाही. नोकरी मागा, मोबदला मागा, पण त्याच्याआधी तो अहवाल मराठीत मागा, आणि त्यात काम केलेल्या प्रत्येकाचे नाव मागा. ही मागणी कोणाला किरकोळ वाटेल. कोलारचे लोक बोटांच्या ठशांवरून संपावर गेले तेव्हा तीही मागणी अनेकांना किरकोळच वाटली असणार.

पुस्तिका मी त्या विद्यार्थ्याला परत केली. तो जरा खट्टू झाला. त्याचा बापही क्रशरवरच होता; मुलगा दगडातून सुटून कागदात गेला, याचा मला आनंदच आहे, आणि हे मी त्याला सांगितले.

मागच्या बाकावरच्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकलो नाही. नंतरच्या चाचणीत ‘भीमाचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न होता. बाकीच्यांनी भीमा शूर होता, प्रेमळ होता, परिस्थितीने वाईट मार्गाला लागला, असे लिहिले. हिने अर्धे पान भीमावर लिहिले आणि उरलेल्या अर्ध्या पानावर त्यांचा क्रशर गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या महिन्यांत बंद होता आणि त्या त्या महिन्यात वडिलांनी काय काम केले, ते एकाखाली एक लिहिले. एका महिन्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. मी तिला पाचपैकी तीन गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले. ते कापायला नको होते.